चाळीस एकर आणि एक डुकरीण

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये. मराठीचे आठवड्याला तीन पिरियड, त्यातला एक हमखास पी.टी.चे सर पळवायचे. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. मराठीतलं एखादं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मी वाचलं ते थेट हॉस्टेलला आल्यावर. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’. रूममेटच्या उशीखालून ढापलं होतं. तुमच्यापैकी निम्म्यांनी ते शाळेतच वाचलं असणार, मला माहीत आहे. हसू नका.

कार्व्हर मला फार आवडले. गुलामीत जन्मलेला पोरका मुलगा शास्त्रज्ञ होतो आणि आपल्या गरीब काळ्या बांधवांना सांगतो की नुसता कापूस लावून जमीन मारू नका, भुईमूग लावा, रताळी लावा, मातीला खायला घाला. पुस्तक संपलं तेव्हा माझ्या मनात एक वेडा प्रश्न राहिला. ती माती होती कोणाची? ज्याने भुईमूग लावला त्याच्या नावावर ती जमीन होती का?

हा प्रश्न मी विसरूनही गेले असते. पण सेकंड इयरला आमचा सर्व्हे कॅम्प लागला. (सिव्हिलवाल्यांना सांगायला नको. उन्हातान्हात स्टाफ धरून उभं राहणं म्हणजे काय ते बाकीच्या ब्रँचना कळणार नाही.) एका बांधावर आम्ही टोटल स्टेशन लावलं होतं. शेजारच्या वावरात बायका कापूस वेचत होत्या. त्यातली एक आजी ओटीतला कापूस सांभाळत आली आणि काय चाललंय म्हणून विचारायला लागली. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, जमीन मोजतोय. त्यावर ती म्हणाली की मग माझंही नाव घाल त्यात थोडंसं. सगळे हसले. मीसुद्धा हसले. ती पण हसली आणि परत वेचायला गेली. रात्री तंबूत मात्र मला झोप येईना. आम्ही ते शेत मिलिमीटरपर्यंत मोजलं होतं, पण चाळीस-पन्नास वर्षं त्यात राबलेली बाई आमच्या ड्रॉइंग शीटवर कुठेच नव्हती.

परत आल्यावर कार्व्हरांच्या त्या काळ्या शेतकऱ्यांचं पुढे काय झालं ते शोधायला लागले, आणि मला भेटल्या फॅनी लू हॅमर. अमेरिकेत त्यांचं नाव शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. मतदानाच्या हक्कासाठी लढलेली बाई म्हणून त्यांना ओळखतात. पण मला त्यांच्या आयुष्याचा शेवटचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यावर कमी बोललं जातं, कारण तो भाग वरवर पाहता अपयशाचा आहे.

फॅनी लू यांचा जन्म ६ ऑक्टोबर १९१७ चा, मिसिसिपी राज्यातला. वीस भावंडांमधलं हे शेंडेफळ. त्या दोन वर्षांच्या असताना कुटुंब सनफ्लॉवर काउंटीत रूलव्हिल गावाजवळ आलं. हा भाग मिसिसिपी डेल्टाचा. सपाट, सुपीक, कापसाचा. आईवडील दोघंही दुसऱ्याच्या शेतावर वाट्याने राबणारे. आपल्याकडे अर्धेलीने किंवा बटाईने म्हणतात तसंच. जमीन मालकाची, राहायचं खोपटं मालकाचं. बी, खत, अवजार मालकाकडून उसनं. किराणाही मालकाच्याच दुकानातून, उधारीवर. पीक निघालं की अर्धं मालकाचं आणि उरलेल्या अर्ध्यातून वर्षभराची उधारी वजा. हिशेब लिहिणारा अर्थात मालकच. त्यामुळे बहुतेक वर्षी वजाबाकीचं उत्तर शून्य यायचं, नाहीतर उणे. गुलामगिरी कायद्याने १८६५ मध्ये संपली होती, पण ही वजाबाकी काही संपत नव्हती.

फॅनी लू सहा वर्षांची असताना मालकाने तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, कापूस वेचता येतो का? आठवड्याला तीस पौंड वेचलास तर दुकानातून खाऊ मिळेल. पोरीने वेचला, तिला खाऊ मिळाला. आणि पुढे मोठी झाल्यावर तिच्या लक्षात आलं की त्या खाऊच्या बदल्यात आपण त्या दिवशी कायमच्या कामाला जुंपलो गेलो. तेरा वर्षांची झाली तोपर्यंत ती दिवसाला दोनशे-तीनशे पौंड कापूस वेचत होती, आणि तेही एका अधू पायाने. शाळा वर्षातून चारच महिने, हिवाळ्यात, शेतात काम नसताना. बाराव्या वर्षाच्या सुमारास तीही सुटली. वाचायची आवड मात्र राहिली.

एकदा या घराचं नशीब पालटायला आलं होतं. वडिलांनी पै-पै साठवून थोडी जमीन खंडाने घेतली. खेचरं घेतली, गाई घेतल्या, अवजारं घेतली. वाट्याच्या चक्रातून बाहेर पडायची ती पहिली पायरी. एका रात्री कोणीतरी गोऱ्या माणसाने जनावरांच्या दाणात विष कालवलं. सकाळी खेचरं मेलेली होती. ते कुटुंब परत वाट्याने राबायला गेलं आणि पुन्हा कधी उठलं नाही. मी हे वाचलं तेव्हा मला वाटलं, काय मिळवलं त्या माणसाने? नंतर कळलं, त्याने बरोबर नेम धरला होता. ज्याची स्वतःची खेचरं असतात तो मालकाला नाही म्हणू शकतो. त्याला ते नकोच होतं.

१९४० च्या दशकाच्या मध्यात त्यांचं पेरी हॅमर यांच्याशी लग्न झालं. लोक त्यांना पॅप म्हणायचे. दोघं मार्लो नावाच्या मालकाच्या प्लांटेशनवर राहिले. लिहितावाचता येतं म्हणून हॅमरबाईंना मालकाने टाइमकीपर केलं, म्हणजे कोणी किती वेचलं, किती तास काम केलं त्याची नोंद ठेवायची. आता इंजिनीअरिंगवाल्यांनी लक्ष द्या. मालकाचा काटा मारलेला असायचा. हॅमरबाई आपल्याजवळ एक वेगळं वजन बाळगायच्या आणि मालकाची पाठ वळली की ते लावून वजन करायच्या, म्हणजे वेचणाऱ्याला खरं माप मिळायचं. आपण लॅबमध्ये कॅलिब्रेशनचं प्रॅक्टिकल एकमेकांच्या जर्नलमधून उतरवतो. या बाईने ते नोकरी पणाला लावून केलं.

१९६१ मध्ये पोटातली गाठ काढायला त्या दवाखान्यात गेल्या आणि डॉक्टरने त्यांना न विचारता, न सांगता गर्भाशयच काढून टाकलं. त्या काळात मिसिसिपीत गरीब काळ्या बायकांच्या बाबतीत हे इतकं सर्रास चालायचं की त्याला एक टोपणनावच पडलं होतं. हॅमर दांपत्याने दोन मुली सांभाळून मोठ्या केल्या.

मग आला ऑगस्ट १९६२. रूलव्हिलच्या चर्चमध्ये विद्यार्थी चळवळीतली काही पोरं आली. आपल्याच वयाची! त्यांनी सांगितलं की काळ्या माणसालाही मत द्यायचा हक्क आहे. हॅमरबाई ४४ वर्षांच्या होत्या आणि हे त्यांना तोपर्यंत कोणीही सांगितलेलं नव्हतं. ३१ ऑगस्टला अठरा जण एका जुन्या बसमधून इंडियानोला या काउंटीच्या गावी नाव नोंदवायला गेले. तिथे परीक्षा. राज्यघटनेतलं एक कलम उतरवा आणि त्याचा अर्थ लिहा. कलम होतं डी फॅक्टो कायद्यांबद्दल. हॅमरबाई नापास झाल्या. परत येताना पोलिसांनी बस अडवून दंड केला. कारण काय, तर बसचा रंग जास्तच पिवळा आहे!

त्या घरी पोचायच्या आधी बातमी मालकापर्यंत पोचली होती. अर्ज मागे घे, नाहीतर जागा सोड, एवढाच निरोप. त्यांनी त्याच रात्री जागा सोडली. अठरा वर्षांचा संसार तिथे होता. पॅपना मात्र हंगाम संपेपर्यंत थांबावं लागलं. नंतर त्यांनाही काढलं. दहा दिवसांनी, ज्या घरात हॅमरबाईंनी आसरा घेतला होता त्यावर सोळा गोळ्या झाडल्या गेल्या. त्या वाचल्या. जानेवारी १९६३ मध्ये पुन्हा परीक्षा दिली आणि पास झाल्या.

जून १९६३ मध्ये एका शिबिराहून परतताना विनोना गावात पोलिसांनी त्यांना पकडलं. तुरुंगात दोन काळ्या कैद्यांना धाक दाखवून त्यांच्याकरवी हॅमरबाईंना मारहाण करवली. मूत्रपिंड आणि एक डोळा कायमचा दुखावला. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९६४ मध्ये, अटलांटिक सिटीला डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी हे सगळं कॅमेऱ्यांसमोर सांगितलं. मिसिसिपीतून फक्त गोरे प्रतिनिधी आले होते, त्यांच्याविरुद्ध ही तक्रार होती. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन इतके घाबरले की टीव्हीचे कॅमेरे दुसरीकडे वळावेत म्हणून त्यांनी ऐनवेळी स्वतःची पत्रकार परिषद घेतली. पण वाहिन्यांनी संध्याकाळी त्यांचं बोलणं दाखवलंच. तडजोड म्हणून दोन जागा देऊ केल्या. हॅमरबाईंच्या गटाने त्या नाकारल्या. १९६५ मध्ये मतदान हक्काचा कायदा झाला.

बहुतेक चरित्रं इथे टाळ्या वाजवून थांबतात. खरी गोष्ट मला इथून पुढे वाटते.

मत मिळालं, पण मत दिलं म्हणून मालक घराबाहेर काढतच होते. त्यात आणखी एक गोष्ट झाली आणि ती आपल्या धंद्याशी संबंधित आहे. कापूस वेचणारं यंत्र. १९४४ मध्ये डेल्टातल्याच क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन प्लांटेशनवर पेरणीपासून वेचणीपर्यंत सगळं पीक यंत्रांनी काढून दाखवलं गेलं. एक यंत्र साधारण पन्नास माणसांचं काम करायचं. वर तणनाशकं आली, म्हणजे निंदणीही गेली. १९६७ मध्ये शेतमजुरांना किमान वेतन लागू झालं, तेव्हा मालकांनी उरलेल्या मजुरांनाही रजा दिली. पिढ्यान्पिढ्या त्या जमिनीत राबलेल्या माणसांची आता तिथे काही गरजच राहिली नाही. यंत्र वाईट होतं का? मला नाही वाटत. वाकून वाकून कंबर मोडणारं काम ते वाचवत होतं. पण वाचलेल्या मजुरीचा पैसा गेला जमीन ज्याच्या नावावर त्याच्याकडे. आम्हाला मशीनची एफिशिअन्सी काढायला शिकवतात, पण तो फायदा कोणाच्या खात्यात जमा होतो हे कुठल्याच फॉर्म्युल्यात नसतं.

उपासमार खरीखुरी होती. १९६७ मध्ये सिनेटर रॉबर्ट केनेडी डेल्टात आले, तेव्हा पोटं फुगलेली लहान मुलं पाहून हादरले. त्याच वर्षी हॅमरबाईंची थोरली मुलगी डोरोथी गेली. अंगात ताकद नव्हती आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत. त्याच सनफ्लॉवर काउंटीत सिनेटर जेम्स ईस्टलँड यांची हजारो एकरांची प्लांटेशन होती आणि काही जमिनीत कापूस न लावण्याबद्दल त्यांना सरकारकडून वर्षाला लाखाहून जास्त डॉलर मिळत होते. न पेरणाऱ्याला पैसे मिळत होते आणि पेरणारे उपाशी होते.

हॅमरबाईंनी यातून सरळ हिशेब मांडला. घर दुसऱ्याचं, अन्न दुसऱ्याच्या दुकानातलं, तोवर मतही दुसऱ्याचंच. म्हणून आधी अन्न, आणि अन्नासाठी जमीन.

सुरुवात झाली डुकरांपासून. १९६८ मध्ये नॅशनल कौन्सिल ऑफ नीग्रो विमेन या संस्थेने सुमारे पन्नास डुकरं दिली. हॅमरबाईंनी त्यांची बँक काढली. खरोखरची बँक, फक्त नोटांऐवजी डुकरिणी. गाभण डुकरीण एका कुटुंबाला द्यायची. ती व्याली की पिल्लं त्या घराची आणि आई परत बँकेत, पुढच्या घरासाठी. व्याज नाही, जामीनदार नाही. काही वर्षांत ही संख्या हजारांत गेली. हिवाळ्यात शेकडो घरांत मांस शिजायला लागलं.

मग १९६९ मध्ये जमीन. विस्कॉन्सिनमधल्या एका धर्मादाय संस्थेने दहा हजार डॉलर दिले, गायक हॅरी बेलाफाँटे यांनी देणग्यांसाठी आवाहन केलं, आणि फ्रीडम फार्म कोऑपरेटिव्हने पहिले चाळीस एकर विकत घेतले. चाळीस एकर हा आकडा काळ्या अमेरिकनांना रडवणारा आहे. जानेवारी १८६५ मध्ये यादवी युद्ध संपत आलं असताना जनरल शेरमन यांनी हुकूम काढला होता की दक्षिण कॅरोलिना, जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरची जमीन मुक्त झालेल्या गुलामांना चाळीस-चाळीस एकरांपर्यंत वाटावी. सुमारे चाळीस हजार माणसं त्या जमिनीवर वसलीही. लिंकन यांच्या हत्येनंतर आलेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी ती जमीन जुन्या मालकांना परत द्यायला लावली. १८६५ मध्ये हातातून काढून घेतलेले चाळीस एकर एका कापूस वेचणाऱ्या बाईने १९६९ मध्ये विकत घेतले.

पुढे त्यात सुमारे ६४० एकरांची भर पडली. वाटाणे, घेवडा, पालेभाज्या, रताळी, मका हे खाण्यासाठी. सोयाबीन आणि कापूस हे हप्ते फेडण्यासाठी. सभासद वर्गणी महिन्याला एक डॉलर. तीसेक कुटुंबांनाच तेवढीही परवडायची, पण नावाने सुमारे दीड हजार कुटुंबं होती आणि वर्गणी नाही म्हणून कोणाला परत पाठवलं नाही. गरीब गोऱ्यांनाही नाही. शेतीबरोबर घरंही उभी राहिली. सरकारी कर्जयोजनेचे फॉर्म भरायला मदत करून, ज्यांनी आयुष्यभर मालकाच्या खोपटात दिवस काढले त्यांना नळ आणि वीज असलेलं स्वतःच्या नावाचं घर मिळवून दिलं. मालक आता रातोरात बाहेर काढू शकत नव्हता.

आणि मग ते मोडलं. ते कसं, तेही सांगायला हवं. फेब्रुवारी १९७१ मध्ये डेल्टात चक्रीवादळं आली, तेव्हा फार्मने आपला पैसा लोकांना सावरायला दिला. पुढच्या दोन वर्षांत आधी अवर्षण, मग पूर. नगदी पीक बुडालं की हप्ता थकायचा. बाहेरच्या देणग्या चळवळीचा जोर होता तोवर आल्या, नंतर आटल्या. शेतीचा व्यवहार बघणारी तयार माणसं कमी, आणि जे होते त्यांच्यावर भार फार. हॅमरबाई देशभर भाषणं करून पैसे आणायच्या, पण त्यांचं शरीर तुरुंगातच मोडलं होतं. १९७६ मध्ये कर आणि देणी थकल्यामुळे जमीन गेली. १४ मार्च १९७७ ला माउंड बायू या गावातल्या इस्पितळात त्या वारल्या. हे गाव १८८७ मध्ये पूर्वीच्या गुलामांनीच जमीन घेऊन वसवलेलं. तेव्हा त्या ५९ वर्षांच्या होत्या. त्यांना रूलव्हिलला, फ्रीडम फार्मच्याच जमिनीच्या एका तुकड्यात पुरलं. २०१२ मध्ये तिथे त्यांचा पुतळा उभा राहिला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांना मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं.

मग हे सगळं फुकट गेलं का? मी बरेच दिवस यावर विचार केला. १९२० मध्ये अमेरिकेत सुमारे सव्वानऊ लाख काळे शेतकरी होते. २०१७ च्या कृषी गणनेत ते पन्नास हजारांच्याही आत होते. म्हणजे एकट्या फ्रीडम फार्मची जमीन गेली असं नाही, एका अख्ख्या समाजाची गेली. काहींची दहशतीने गेली. काहींची सरकारी कृषी खात्याने कर्ज देताना केलेल्या भेदभावामुळे गेली. तो खटला १९९९ मध्ये तडजोडीने मिटला आणि भरपाई द्यावी लागली. आणि पुष्कळांची गेली ती मृत्युपत्र नसल्यामुळे. आजोबा गेले, कागद झाला नाही, जमीन सगळ्या वारसांची सामाईक. मग शहरात गेलेल्या कुठल्यातरी चुलत नातवाचा हिस्सा एखादा व्यापारी विकत घ्यायचा आणि कोर्टातून अख्ख्या जमिनीचा लिलाव मागायचा. त्यामुळे हॅमरबाईंचा हिशेब चुकला असं मला वाटत नाही. जमीन मिळवणं हे अर्धंच काम होतं, ती टिकवायला कागद, भांडवल आणि एखादं वाईट वर्ष झेलण्याची ताकद लागते. ती ताकद त्यांना कोणी दिली नाही. पण जी घरं लोकांच्या नावावर झाली ती झाली, आणि ज्या मुलांनी ते अन्न खाल्लं ती वाढली.

आता शेवटचं, जे लिहू की नको असं झालं होतं. आमच्या गावी आमची थोडी शेती होती. माझ्या फर्स्ट इयरच्या अॅडमिशनला बाबांनी त्यातली दीड एकर विकली. मला ते नंतर, आत्याकडून कळलं. तेव्हा मला फक्त वाईट वाटलं होतं. हॅमरबाईंबद्दल वाचल्यावर मी बाबांना फोन केला आणि विचारलं की उरलेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावं आहेत. ते म्हणाले, अकरा जणांची, आजोबांचंही आहे अजून. आजोबांना जाऊन नऊ वर्षं झाली. बाबा हसून म्हणाले, हे काय आता सिलॅबसमध्ये आलंय का? मी म्हटलं, नाही, पण या सुट्टीत आपण दोघं तलाठ्याकडे जाऊ. ते बरं म्हणाले.

आणि ती वेचणारी आजी? तिचं नाव मला माहीत नाही. विचारायला हवं होतं. आमच्या त्या ड्रॉइंग शीटला दहापैकी नऊ मार्क मिळाले.

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी, मुलींचे वसतिगृह